इन्स्टॉलर बोलायला लागला: नव्या आवृत्तीच्या लॉगबद्दल

इन्स्टॉलरचे (संगणकात लिनक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टीम बसवणाऱ्या प्रोग्रामचे) रिव्ह्यू वाचले की कळतं, लोक दिसण्यावर फार लिहितात. मी त्यावर एक ओळही लिहिणार नाही. माझ्याकडे येतात ते इतरांनी टाकून दिलेले लॅपटॉप. ते साफ करायचे, त्यात लिनक्स घालायचं आणि गरजूंना द्यायचे, हा माझा रिकाम्या वेळेचा उद्योग. सगळं सुरळीत झालं तर कुठलाही इन्स्टॉलर चांगलाच वाटतो. तो ८९ टक्क्यांवर हटून बसला की मग कळतं काय लायकीचा आहे ते.

ज्याच्याबद्दल लिहितेय त्याचं नाव घेत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत. जुनी आवृत्ती दोन वर्षं वापरली, नवी दोन महिने. नवीत लॉगचं, म्हणजे इन्स्टॉलर काय काय करतो त्याच्या नोंदींच्या फाइलचं, काम मुळापासून केलंय आणि तेवढ्यासाठी पाचपैकी चार देते.

आधी जुनीचं रडगाणं. एका लॅपटॉपवर तीन संध्याकाळी घालवल्या. दरवेळी शेवटी तेच: 'बूटलोडर बसवता आला नाही, एक्झिट कोड १.' बूटलोडर म्हणजे मशीन चालू होताना सिस्टीम सुरू करणारा प्रोग्राम, आणि एक्झिट कोड १ म्हणजे काहीतरी बिनसलं, एवढंच. लॉग उघडला तर हजारो ओळी, त्यातल्या निम्म्या 'आयकॉन सापडला नाही' आणि 'भाषांतर उपलब्ध नाही' यांच्या. कुठली कमांड चालवली, ती काय बोलली, याचा पत्ता नाही. कमांडने एररमध्ये जे ओरडून सांगितलं असेल ते इन्स्टॉलरने परस्पर गिळलेलं. मी पेन ड्राइव्ह बदलला, सिक्युअर बूट (सही नसलेलं काही सुरू होऊ न देणारं कुलूप) बंद केलं, डिस्कसुद्धा बदलली. काही उपयोग नाही. लॅपटॉप कपाटावर गेला.

नवी आवृत्ती आल्यावर तोच खाली काढला. पुन्हा तिथेच अडकला, पण या वेळी लॉगच्या शेवटी कामाच्या ओळी होत्या: ग्रब या बूटलोडरची पूर्ण कमांड, तिने पुढे बोलावलेलं ईएफआयबूटएमजीआर (बूटची नोंद लिहिणारा छोटा प्रोग्राम), आणि त्याचा स्वतःचा शब्दन् शब्द, 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'.

आता डिस्क ५०० जीबीची, कोरी. मी मनातल्या मनात शिव्या घातल्या. पण त्याच्या वरच इन्स्टॉलरने आपणहून नोंद ठेवली होती की ईएफआय पार्टिशनमध्येही (डिस्कच्या ज्या भागात बूटलोडर राहतो तिथेही) जागा मुबलक आहे. मग भरलंय काय? तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. इथलं 'डिव्हाइस' म्हणजे डिस्क नव्हेच. बूटची नोंद मदरबोर्डवरच्या एनव्हीरॅममध्ये (वीज गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत) जाते, आणि ती जागा अगदी चिमूटभर असते. कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, कोसळला की त्याचे शेवटचे संदेशही काही मशीनवर तिथेच साठवले जातात, 'डम्प' असं नाव लावून. या लॅपटॉपच्या आधीच्या मालकाने तो किती वेळा कोसळू दिला असेल देव जाणे, डम्पची नुसती रांग लागली होती. तेवढ्याच फायली उडवल्या, रीबूट केलं, पुन्हा इन्स्टॉलर चालवला, झालं. (या नोंदी ज्या फोल्डरमध्ये फायलींसारख्या दिसतात, त्यातल्या बाकी कशालाही हात लावू नका. भलतंच काही उडालं तर काही मदरबोर्ड कायमचे जातात.)

तीन संध्याकाळींचं काम अर्ध्या तासात. हुशारी माझी नव्हती, त्या एका न गिळलेल्या ओळीची होती.

आणखी दोन गोष्टी आवडल्या. स्क्रीन मराठीत असली तरी कमांडचे संदेश लॉगमध्ये मूळ इंग्रजीतच राहतात. हे मला पटतं. भाषांतरित एरर सर्च करून आजवर कुणाला उत्तर मिळालंय? दुसरी वेळेची. जुन्या लॅपटॉपची सीमॉस बॅटरी मेलेली असते, त्यामुळे घड्याळ भलत्याच वर्षात असतं. मध्येच नेट जोडलं गेलं की वेळ एकदम आजच्या तारखेवर उडी मारते आणि कशानंतर काय झालं तेच कळत नाही. नव्या लॉगमध्ये तारखेशेजारी सुरुवातीपासूनचे सेकंद छापतात, कर्नल छापतो तसे.

आता तक्रारी. लाइव्ह सेशनमधला (पेन ड्राइव्हवरूनच चालणाऱ्या सिस्टीममधला) लॉग रॅममध्ये असतो, रीबूट केलं की गेला. म्हणून 'लॉग सेव्ह करा' हे बटण दिलंय, दुसऱ्या पेन ड्राइव्हवर कॉपी होते, छान. पण ते दिसतं फक्त चुकल्याच्या पडद्यावर. इन्स्टॉलर चुकला नाही, नुसता थिजला, तर बटणच नाही. मग कंट्रोल-आल्ट-एफ२ दाबून कन्सोलवर (नुसत्या कमांडच्या पडद्यावर) जा आणि हाताने कॉपी करा. डेबियनच्या टेक्स्ट इन्स्टॉलरमध्ये आल्ट-एफ४ दाबलं की लॉग कधीही समोर वाहताना दिसतो. ही सोय इतकी जुनी आहे की इथे नसल्याचं नवल वाटलं. विंडोजच्या सेटअपमध्ये फक्त चुकांची वेगळी फाइल असते, सेटअपएरर नावाची. तेवढं तरी उचलायला हरकत नव्हती. सध्या मी ग्रेप मारते, म्हणजे शब्द देऊन कमांडने हव्या त्या ओळी शोधते.

सगळ्यात मोठी खोट पासवर्डची. जे चालवलं ते जसंच्या तसं लिहायचं म्हटलं की हा धोका येतोच. २००६ मध्ये उबुंटू ५.१० च्या इन्स्टॉलरने पहिल्या युजरचा पासवर्ड लॉगमध्ये उघडा ठेवल्याचं निघालं होतं आणि घाईने दुरुस्ती काढावी लागली होती. इथे युजरचा पासवर्ड झाकलाय, डिस्क एन्क्रिप्शनचाही झाकलाय. वायफायचा मात्र राहिलाय, कारण नेटवर्कच्या कमांडची ओळ कुणी चाळणीतून काढलेलीच नाही. मला हे कळलं ते बग रिपोर्टला लॉग जोडून पाठवल्यावर. ती संध्याकाळ घरातल्या प्रत्येकाच्या फोनवर नवा पासवर्ड टाकण्यात गेली, आणि प्रिंटर अजून जोडलेला नाही.