बी-फोर: कर्नलला पॅच पाठवणाऱ्यांनी आधी हे बसवून घ्या

लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आपला कोड जायला हवा असेल तर पॅच, म्हणजे कोडमधला बदल, ईमेलने पाठवावा लागतो. बटण दाबून विनंती पाठवायची सोय तिथे नाही. बी-फोर हे त्या ईमेलच्या वाटेवर मदत करणारं, टर्मिनलमध्ये चालणारं फुकट साधन आहे. वर्षभर वापरून मी त्याला पाचपैकी साडेचार देते. ते हाती येण्याआधी मी पॅच पाठवणं सोडून द्यायच्या बेतात होते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

पुण्यात आमची सहा जणांची टीम कांदा चाळीत लावायचे तापमान मोजणारे बोर्ड बनवते. एका दुपारी नाशिक जिल्ह्यातून एका शेतकऱ्याचा फोन आला, "ताई, चाळीत २५० डिग्री दाखवतंय." वायर ढिली झाली होती, एवढंच. पण वायर ढिली झाली तर बोर्डाने तसं सांगायला हवं, २५० का दाखवावं? दोन दिवस शोधल्यावर चूक कर्नलमधल्या सेन्सरच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे सेन्सरशी बोलणाऱ्या कोडमध्ये, सापडली. चिप वाचणारं फंक्शन काही बिघडलं की ऋण आकडा परत देतं. चिपच्या पत्त्यावर कोणी उत्तरच दिलं नाही तर -६. ड्रायव्हरने हा आकडा आठ बिटांच्या, चिन्ह नसलेल्या व्हेरिएबलमध्ये ठेवला होता. तिथे -६ चे २५६ वजा ६, म्हणजे २५० होतात. पुढच्याच ओळीत ‘शून्यापेक्षा कमी आहे का’ अशी तपासणी होती, आणि ती कधीच खरी ठरणार नव्हती. एका शब्दाची दुरुस्ती.

मी ती ऑफिसच्या मेलवरून पाठवली. दुसऱ्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं: पॅच कोडला लागू होत नाही, टॅबचे स्पेस झाले आहेत, आणि तळाशी गोपनीयतेची सूचना असलेला कोड आम्हाला घेता येत नाही. ती सूचना आमचा मेल सर्व्हर आपणहून चिकटवतो, मला ती दिसतही नाही. मला फार लागलं. शेतकऱ्याच्या चाळीतली चूक शोधून आणलीय आणि हा माणूस स्पेस मोजतोय, असं वाटलं. त्याच रात्री रागाच्या भरात घरच्या मेलवरून दुसरी आवृत्ती पाठवली. काय बदललं ते लिहिलं नाही, आणि एका मेंटेनरचं, म्हणजे तो भाग सांभाळणाऱ्याचं, नाव राहून गेलं. उत्तर आलं की बदल काय ते कळत नाही, दर काही तासांनी नवी आवृत्ती पाठवू नका. त्यानंतर चार आठवडे काही नाही. मीही हात आखडता घेतला.

आज ती उत्तरं पुन्हा वाचते तेव्हा त्यातला एकही मुद्दा चुकीचा वाटत नाही. तरी आमच्या त्या सगळ्या देवाणघेवाणीत २५० या आकड्याबद्दल कोणी एक शब्द बोललं नव्हतं. भांडण कोडवरून झालंच नव्हतं. ते टॅबवरून, तळटीपेवरून, राहिलेल्या नावावरून झालं होतं, आणि बी-फोर नेमकं एवढंच आपल्या हातून काढून घेतं.

हे लिहिलं लिनक्स फाउंडेशनमध्ये कर्नल डॉट ऑर्ग या कर्नलच्या साइटचं काम बघणाऱ्या कॉन्स्टंटिन र्‍याबित्सेव यांनी. कर्नलच्या मेलचा साठा ‘लोर’ या नावाने ओळखला जातो. स्टार ट्रेकमध्ये लोर नावाचा यंत्रमानव आहे आणि त्याच्या भावाचं नाव बी-फोर, त्यावरून हे नाव. सुरुवातीला ते मेंटेनरांसाठी होतं. पॅच पाठवणाऱ्यांची सोय नंतर आली.

माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ऑफिसच्या मेलला बगल देता येते. एकदा डिजिटल सहीची किल्ली बनवून ईमेलवर पडताळणी करून घेतली की पॅच कर्नल डॉट ऑर्गच्या वेब दारातून जातो. पाठवणाऱ्याच्या जागी आपल्या नावापुढे ‘व्हाया बी-फोर रिले’ असं दिसतं, पॅचचा लेखक म्हणून मात्र आपलंच नाव राहतं. तळटीप नाही, आणि टॅब टॅबच राहतो.

बाकी रोजचं काम असं चालतं. ‘प्रेप’ने नवी ब्रँच, म्हणजे या कामापुरती कोडची वेगळी शाखा, उघडायची. ‘ऑटो टू सीसी’ म्हटलं की कोणाकोणाला पाठवायचं ती यादी ते स्वतः काढतं. माझ्याकडून राहिलेलं नाव असंच राहिलं नसतं. ‘चेक’ म्हटलं की कर्नलची चेकपॅच ही तपासणी चालते. मग ‘सेंड’च्या आधी ‘रिफ्लेक्ट’: पॅचची सगळी मालिका फक्त स्वतःला येते, जशी समोरच्याला दिसणार आहे तशीच. एकदा पाठवून झालं की आवृत्तीचा आकडा आपोआप पुढे सरकतो, आणि मालिकेसोबत जाणाऱ्या पुढच्या पत्रात ‘या आवृत्तीत काय बदललं’ ही रिकामी जागा मागच्या आवृत्तीच्या दुव्यासकट तयार असते. ती जागा समोर उघडी दिसली की माणूस भरतोच. पॅच एकच असेल तर वेगळं पत्र जात नाही, मजकूर त्याच मेलमध्ये तीन आडव्या रेघांखाली बसतो.

मी पहिल्यापासून सुरुवात केली, आणि या वेळी उत्तर कोडवर आलं. रिव्ह्यूअरने विचारलं की ड्रायव्हर प्रत्येक चुकीला -२२, म्हणजे ‘चुकीचा आर्ग्युमेंट’, असं का म्हणतो? खालून आलेला आकडा तसाच वर जाऊ दे. शिवाय हे दोन पॅच कर: व्हेरिएबलची दुरुस्ती वेगळी, म्हणजे ती कर्नलच्या जुन्या स्टेबल आवृत्त्यांमध्येही नेता येईल. मी वाद घातला. आमचा वरचा प्रोग्राम -२२ वर अवलंबून होता, त्यात बदल करायचा म्हणजे लावलेला प्रत्येक बोर्ड अपडेट करायचा. चार दिवस मेलची देवाणघेवाण झाली, आणि त्याचं म्हणणं पटलं. आता -६ आला की ‘वायर तपासा’ आणि -११० आला की ‘बस अडकली’ (बस म्हणजे चिपला जोडणारी वाहिनी) असं बोर्ड वेगवेगळं सांगतो. माझ्या एकटीच्या डोक्यात हे आलं नसतं. वाद झाला, पण असा वाद मी दर आठवड्याला घालायला तयार आहे.

‘रिव्ह्यूड बाय’ ही ओळ त्याने उत्तरात लिहिली तेव्हा मी ती हाताने उतरवली नाही. ‘ट्रेलर्स’ चालवलं, आणि ती मेलमधून येऊन कमिटमध्ये, म्हणजे नोंदवलेल्या बदलात, माझ्या ‘साइन्ड ऑफ बाय’च्या शेजारी बसली. ती दोन नावं एकाखाली एक बघताना फार बरं वाटलं.

त्यानंतर मी दुसऱ्यांचे पॅचही वाचायला लागले. ‘शझॅम’ने मालिका ओढून आपल्याकडच्या कर्नलच्या कोडवर लावता येते, ‘डिफ’ने दोन आवृत्त्यांमधला फरक दिसतो. एका रात्री कामावरून येऊन आठ पॅचची चौथी आवृत्ती उघडली, आणि काय बदललं ते पाठवणाऱ्याने लिहिलेलंच नव्हतं. जे दोन ओळींचं उत्तर मला लागलं होतं, तसंच माझ्याही बोटांवर आलं. मी ते चार ओळींचं केलं आणि सुरुवातीला नमस्कार लिहिला. पण थकवा कुठून येतो ते कळलं.

कमतरता आहेत. प्रत्येक विभागाचे घरगुती नियम याला ठाऊक नाहीत. नेटवर्किंगच्या नियमावलीत २४ तासांच्या आत पुन्हा पाठवू नका असं स्पष्ट लिहिलंय, फंक्शनच्या सुरुवातीची व्हेरिएबल्स लांब ओळीकडून आखूड ओळीकडे मांडायची असतात, आणि पुढच्या कर्नलसाठी बदल गोळा होतात त्या दोन आठवड्यांच्या मर्ज विंडोमध्ये नवीन सुविधांचे पॅच घेत नाहीत. हे आपणच वाचायचं. उत्तराची वाटही आपणच बघायची. आठवडाभर तरी थांबा, मग नम्रपणे आठवण करा. गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाची बऱ्यापैकी सवय नसेल तर पहिली संध्याकाळ सेटिंगमध्येच जाते, आणि मदतीची पानं फक्त इंग्रजीत आहेत. अर्धा गुण त्यासाठी कापला.

गेल्या महिन्यात आमच्या टीममधल्या नव्या मुलाचा पहिला पॅच होता. "मॅडम, पाठवू का?" म्हणाला. मी म्हटलं, आधी रिफ्लेक्ट कर, आणि तुला दुसऱ्या कोणाचा मेल आलाय असं समजून वाच. तो वाचत बसला. दहा मिनिटांनी स्वतःच म्हणाला, तपासणीसाठी टाकलेली एक प्रिंटची ओळ आत राहिलीय.