बोरा बोरा की मोओरेआ?

फ्रेंच पॉलिनेशिया, म्हणजे प्रशांत महासागरातली फ्रान्सच्या ताब्यातली बेटं, म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर बोरा बोरा हे बेटच येतं. पण हाताशी आठवडाभर असेल आणि बजेट बेताचं असेल, तर मी मोओरेआच सुचवेन.

मोओरेआ हे बेट ताहिती या मुख्य बेटापासून जेमतेम 17 किलोमीटरवर. ताहितीवरची राजधानी पापेएतेच्या धक्क्यावरून फेरी धरली की पाऊण तासाच्या आत तुम्ही पलीकडे. बोरा बोराला आणखी एक विमान लागतं, सुमारे पन्नास मिनिटांचं, आणि ते स्वस्त नाही. तिथली धावपट्टीसुद्धा मुख्य बेटावर नसून कडेच्या छोट्या बेटावर आहे, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने बांधलेली. म्हणजे उतरल्यावर पुन्हा होडी.

लगूनच्या, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआतल्या उथळ पाण्याच्या बाबतीत मात्र बोरा बोराला तोड नाही. निळ्याच्या एवढ्या छटा आणि मधोमध 727 मीटरचा ओतेमानू डोंगर! फक्त त्यासाठीच जायचं असेल तर बेलाशक जा. अडचण एवढीच की पाण्यावरच्या बंगल्यांची बडी रिसॉर्ट बहुतेक कडेच्या बेटांवर आहेत. जेवायला बाहेर पडायचं तरी बोट, म्हणून माणूस रिसॉर्टच्याच दरात जेवत राहतो. त्यापेक्षा मुख्य बेटावर मातिरा किनाऱ्याजवळ घरगुती पेन्शनमध्ये, म्हणजे छोट्या गेस्टहाउसमध्ये उतरा. तो सुंदर किनारा सगळ्यांना खुला आहे.

मोओरेआत पाण्याइतकाच डोंगरही आहे. बेटाभोवतीचा रस्ता सुमारे 60 किलोमीटरचा, गाडी भाड्याने घेऊन एका दिवसात आरामात होतो. वाटेत ओपुनोहूच्या खोऱ्यात अननसाचे मळे, जुने दगडी मराए, म्हणजे पूर्वीची पूजास्थानं, आणि वर बेल्वेदेर हा पॉइंट. तिथे उभं राहिलं की समोर रोतुईचा सुळका आणि त्याच्या दोन्ही अंगांना एकेक उपसागर आत शिरलेला दिसतो. ही जागा घाईत उरकू नका. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये कुबड्या देवमासेही येतात, शिवाय तो काळ कोरडा असतो.

शाकाहारी मंडळींना दोन्हीकडे जपूनच राहावं लागेल, कारण नारळाच्या दुधातला कच्चा मासा हा इथला मुख्य पदार्थ. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. कोकणातल्यासारखा नीरफणस इथेही भरपूर, काप करून खा.

तिकिटाआधी व्हिसा बघा. फ्रेंच पॉलिनेशिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात मोडत नाही, त्यामुळे तुमचा शेंगेन व्हिसा तिथे चालतो का हे फ्रेंच वकिलातीकडून पक्कं करून घ्या. आणि लॉस एंजेलिसमार्गे जाणार असाल, तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो.