कुणी न वाचलेल्या तलावांचे आकडे: ‘शोधगंगा’ या सेवेविषयी

‘अमुक तालुक्यातील तमुक तलावाचे भौतिक-रासायनिक घटक आणि तेथील प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव)’ या साच्याचे पीएच.डी.चे प्रबंध महाराष्ट्रातील प्राणिशास्त्र विभागांत किती झाले असतील याची गणती करणे अवघड आहे, आणि विभागातील चहाच्या वेळी या साच्याची थट्टाही पुष्कळ होते. मी स्वतः प्राणिशास्त्र शिकवते आणि ही थट्टा अनेक वर्षे हसून ऐकत आले आहे. तरीही शोधगंगा ही पीएच.डी.चे प्रबंध साठवणारी ऑनलाइन सेवा मी आज आठवड्यातून दोन-तीनदा उघडते ती बहुतेक वेळा याच थट्टेचा विषय झालेल्या प्रबंधांसाठी. ज्यांना मोठ्या नियतकालिकांचे लेख हवे आहेत त्यांना अन्य मार्ग आहेत. एखाद्या तलावात पंधरा वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात विरघळलेला प्राणवायू किती होता, हे ज्याला हवे आहे, त्याला मात्र दुसरे दार नाही.

सेवेचे स्वरूप थोडक्यात असे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमांनुसार प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत जमा करणे बंधनकारक केले, आणि गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट हे आयोगाचे ग्रंथालय-जाळ्याचे केंद्र या प्रती शोधगंगेत सांभाळते. २०१६ च्या नियमांपासून पदवी जाहीर होण्यापूर्वीच ही प्रत केंद्राकडे पोहोचवावी लागते. आज देशभरातील विद्यापीठांचे पाच लाखांहून अधिक प्रबंध येथे आहेत. वाचण्यासाठी पैसे पडत नाहीत आणि खाते उघडावे लागत नाही. ज्यांनी पूर्वी एका प्रबंधासाठी दुसऱ्या शहरातील विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन, पत्र दाखवून, तेथेच बसून हाताने तक्ते उतरवून घेतले आहेत, त्यांना या वाक्याचे मोल वेगळे सांगायला नको.

शोध घेण्याच्या बाबतीत मात्र वाचकाला थोडी मेहनत करावी लागते, आणि जीवशास्त्राच्या वाचकाला इतरांपेक्षा जास्त. येथे साठवलेली माहिती विद्यापीठांनी जशी भरली तशी असते. त्यामुळे शीर्षकात आणि सूचक शब्दांत जे नाव त्या काळी लिहिले गेले, त्याच नावाने प्रबंध सापडतो. आता प्राण्यांची शास्त्रीय नावे स्थिर नसतात. गोड्या पाण्यातील ज्या छोट्या माशाला आम्ही विद्यार्थी असताना पंटियस टिक्टो म्हणत होतो, तो २०१२ नंतर पेथिया या प्रजातीत गेला. पदवीच्या वर्गात ज्याचे विच्छेदन होत असे तो मोठा बेडूक जुन्या प्रबंधांत राना टायग्रिना असतो आणि नव्या प्रबंधांत हॉप्लोबॅट्रॅकस टायगरिनस. नवे नाव टाकून शोधणाऱ्या विद्यार्थ्याला असे वाटते की या प्राण्यावर आपल्याकडे काही कामच झालेले नाही, आणि तो तसे आपल्या प्रस्तावनेत लिहूनही मोकळा होतो. गावांच्या नावांचेही तसेच: रोमन लिपीत जायकवाडी कुणी ‘वाय’ घालून लिहितो, कुणी ‘आय’ घालून, आणि कुणी धरणाऐवजी नाथसागर हेच नाव वापरतो. माझा अनुभव असा की शब्द टाकून शोधण्यापेक्षा विद्यापीठ निवडावे, मग विभाग निवडावा आणि शीर्षकांची यादी सावकाश खाली सरकवत न्यावी. यात अर्धा तास जातो, पण जे सापडते ते शब्दशोधात कधीच सापडले नसते.

एकदा प्रबंध सापडला की आतली संपत्ती खरोखर मोठी असते. नियतकालिकातील लेखात जागा कमी असल्यामुळे दोन वर्षांच्या निरीक्षणांची सरासरी देऊन लेखक पुढे जातो; प्रबंधात मात्र चारही नमुनास्थळांचे महिन्यामहिन्याचे आकडे, विंकलर पद्धतीने मोजलेला प्राणवायू, ईडीटीए हे रसायन वापरून काढलेला पाण्याचा जडपणा, पाण्याचे तापमान, सगळे तक्त्यात मांडलेले असते. मराठवाड्यातील विभागांत लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस या गोड्या पाण्यातील शिंपल्यावर जे काम झाले, त्यातील प्रयोगांचे बारकावे, म्हणजे शिंपले कोणत्या नदीतून आणले, प्रयोगशाळेत किती दिवस रुळू दिले, पाणी किती वेळाने बदलले, हे तपशील छापील लेखात एका ओळीत आटोपलेले असतात आणि प्रबंधात दोन पानांवर पसरलेले असतात. पुण्याच्या नद्यांतील माशांचे उदाहरण घेतले तर हे आणखी स्पष्ट होईल. कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या माशांची वर्णने १८३९ मध्ये प्रसिद्ध केली आणि फ्रेझर यांनी १९४२ मध्ये पुण्याच्या माशांची नोंद केली. या नोंदींमुळे शंभर-दीडशे वर्षांतील बदलाची तुलना करता येते, परंतु तुलनेसाठी मधले टप्पेही लागतात. ते टप्पे अनेकदा अशा एखाद्या प्रबंधात असतात, ज्याच्या लेखकाने पुढे संशोधन सोडून दिले आणि ज्यातून एकही लेख निघाला नाही. त्या लेखकाने दर महिन्याला नदीवर जाऊन बाटल्या भरल्या होत्या, एवढे खरे.

आता उणिवा. प्रबंध एका सलग फाइलमध्ये नसतो. शीर्षकपान, प्रमाणपत्र, अनुक्रमणिका आणि प्रत्येक प्रकरण यांच्या वेगवेगळ्या पीडीएफ असतात. एक प्रकरण हवे असणाऱ्याला ही सोय वाटते, पण संपूर्ण प्रबंध वाचणाऱ्याला दहा-बारा फाइली उतरवून क्रमाने लावाव्या लागतात. एक युक्ती सांगते: शीर्षकपान आणि निष्कर्ष एकत्र असलेली, नावात ८० हा आकडा असलेली फाइल आधी उघडावी, म्हणजे पुढच्या फाइली उतरवायच्या की नाही हे पाच मिनिटांत ठरते. जुने प्रबंध टंकलिखित प्रतीवरून स्कॅन केलेले असतात, आणि ज्या स्कॅनमध्ये मजकुराचा थर नाही, त्यात संगणकाला एकही शब्द शोधता येत नाही. एका विद्यापीठाच्या प्रबंधात सर्व तक्ते आडवे स्कॅन झालेले होते आणि कडेचा रकाना, म्हणजे नेमका डिसेंबर महिना, बांधणीत अडकून अर्धा कापला गेला होता. याचा दोष मी साठवणाऱ्यावर नव्हे, स्कॅन करणाऱ्यावर ठेवते.

माझी मोठी तक्रार आकड्यांच्या रूपाविषयी आहे. तक्ता पीडीएफमध्ये असला की तो वाचता येतो, वापरता येत नाही. आलेख काढायचा तर प्रत्येक आकडा पुन्हा टंकित करावा लागतो आणि त्यात चुका शिरतात. ज्या विद्यार्थ्याने हे आकडे प्रथम संगणकात भरले, त्याच्याकडे तेव्हा एक्सेलची फाइल होतीच. ती फाइल प्रबंधाबरोबर गेली असती तर पुढच्या माणसाचे चार दिवस वाचले असते. विभागांनी यासाठी शोधगंगेची वाट पाहण्याचे कारण नाही, कारण सर्न या युरोपातील भौतिकशास्त्राच्या संशोधन संस्थेचे झेनोडो नावाचे विनामूल्य भांडार अशा फाइलींसाठी उपलब्ध आहे आणि तेथे प्रत्येक संचाला कायमचा क्रमांक मिळतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी प्री-सबमिशनच्या, म्हणजे प्रबंध सादर करण्यापूर्वीच्या सादरीकरणाच्या, आधी हे करायला लावते. ते कुरकुरतात, पण करतात.

प्री-सबमिशनचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट. नियमांप्रमाणे प्रबंध सादर करण्यापूर्वी विभागात सर्वांसमोर सादरीकरण होते, आणि शेवटची मौखिक परीक्षाही खुली असते. चांगल्या विभागात प्रबंधाची खरी पारख या दोन दिवशी होते: मागच्या बाकावरचा एखादा ज्येष्ठ शिक्षक विचारतो की पावसाळ्यात नमुनास्थळ पाण्याखाली जाते, मग जुलैचे आकडे कुठून आले, आणि सभागृहात शांतता पसरते. शोधगंगेत या प्रश्नोत्तरांचा मागमूस नसतो. उलट परिशिष्टात विद्यार्थ्याने हजेरी लावलेल्या राष्ट्रीय परिषदांची रंगीत प्रमाणपत्रे हमखास सापडतात, कारण २०१६ च्या नियमांत प्रबंधापूर्वी एक लेख आणि परिषदांतील दोन सादरीकरणे आवश्यक होती; २०२२ च्या नियमांनी ही अट काढून टाकली. त्या काळात परिषदा किती भरल्या आणि त्यांची नावे किती लांब होती, याचा इतिहास कुणाला लिहायचा असल्यास ही परिशिष्टे उत्तम साधन आहेत.

वापरणाऱ्यांसाठी दोन सावधगिरीच्या सूचना. पहिली वर्गीकरणाच्या विद्यार्थ्यांसाठी: प्रबंधात नव्या जातीला नाव दिलेले आढळले तर ते नाव ग्राह्य आहे असे समजू नये. प्राण्यांच्या नामकरणाच्या संहितेत २०१२ पासून इलेक्ट्रॉनिक प्रकाशनाला मान्यता आहे, परंतु त्यासाठी झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत नोंदवहीत नोंद आणि अन्य अटी पूर्ण व्हाव्या लागतात; शोधगंगेत प्रबंध चढल्याने त्या पूर्ण होत नाहीत. असे नाव आपल्या लेखात उचलून छापले तर पुढे नामकरणाचा नको तो गुंता होतो. दुसरी सूचना साहित्यचौर्याविषयीची. साम्य तपासण्याच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानले आहे, आणि विंकलर पद्धतीचे वर्णन जुन्या प्रबंधातून जसेच्या तसे घेणारा विद्यार्थी ही मर्यादा एकट्या पद्धतींच्या प्रकरणातच गाठू शकतो. जुना प्रबंध जितका सहज हाती येतो तितकाच तो साम्यातही सहज सापडतो.

शोधगंगेतील मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली आहे: श्रेय द्यावे, व्यापारी वापर करू नये आणि त्यावर आधारलेले काम त्याच अटींवर खुले ठेवावे. श्रेय देताना पानाच्या पत्त्याऐवजी प्रबंधाचा हँडल क्रमांक, म्हणजे त्याला दिलेला ओळखक्रमांक, लिहावा, कारण तो बदलत नाही. पाचांपैकी मी या सेवेला चार तारे देते. पाचवा तारा पीडीएफशेजारी एक्सेलची फाइल दिसू लागली की त्या दिवशी देईन. सध्या माझी एक विद्यार्थिनी एका तलावाच्या जुन्या प्रबंधातील चोवीस महिन्यांचे तक्ते हाताने टंकित करत आहे आणि काल ती दुसऱ्या वर्षाच्या मार्चपर्यंत पोहोचली होती.