मिथाइलफेनिडेट, काही महिन्यांनंतर: 'औषध तेच आहे' हे उत्तर चालणार नाही

नाशिकमधल्या एका मेडिकलमध्ये मिथाइलफेनिडेटची, म्हणजे एडीएचडीवरच्या (लक्ष न टिकणं, विसरणं) औषधाची, 18 मिलीग्रामची दीर्घ परिणामाची गोळी संपली होती. काउंटरवरून उत्तर आलं, "दहाची साधी घ्या, दोन वेळा. औषध तेच आहे." औषध तेच, पण गोळी ती नाही. हे लिहायला बसलो ते या एका वाक्यामुळे. एडीएचडी म्हणजे काय, डोस कसा वाढवतात, हे वाचणाऱ्यांना माहीत असेलच.

साधी गोळी अर्ध्या-पाऊण तासात लागू पडते आणि तीन-चार तासांत उतरते. कॉन्सर्टा या दीर्घ परिणामाच्या ब्रँडच्या 18 मिलीग्रामच्या गोळीत साधारण 4 मिलीग्राम वरच्या थरात असतं, ते लगेच विरघळतं. उरलेलं 14 आत. आतला एक थर पाणी शोषून फुगतो आणि लेझरने पाडलेल्या बारीक छिद्रातून औषध हळूहळू बाहेर ढकलतो. असं जवळजवळ बारा तास काम चालतं. म्हणून 18 ची एक गोळी म्हणजे 5 ची साधी गोळी दिवसातून दोन-तीनदा. काउंटरवर सुचवलेली 'दहा-दहा' म्हणजे प्रत्येक वेळी दुप्पट. धडधड, घामेजलेले तळवे, डोकेदुखी आणि चारच तासांत सगळं खाली. 'एसआर' लिहिलेल्या जुन्या पद्धतीच्या गोळ्या आणखी वेगळ्या, त्या आठेक तास चालतात. डब्यावर नाव मात्र तिन्हींच्या एकच.

काटकसर म्हणून 36 ची मोडून दोन 18 करायचा विचार असेल तर तो सोडा. अशी गोळी मोडली किंवा चावली की दिवसभराचं औषध एकदम सुटतं. रिकामं कवच शौचातून जसंच्या तसं पडतं. ते पाहून 'लागलीच नाही' म्हणत दुसरी घेऊ नका.

सुरुवातीला साधी गोळीच स्वस्त आणि पुरेशी वाटत होती. आता मत वेगळं आहे. विसरणं हाच ज्याचा त्रास, त्याने दिवसातून तीन वेळा गोळी लक्षात ठेवायची? सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या जनरल शिफ्टला सकाळी आठला घेतलेली गोळी साडेअकरा-बाराला उतरते, आणि उतरताना चिडचिड, थकवा, आधीपेक्षा जास्त भरकटणं. दुपारचा डोस उशिरा घेतला की रात्रीची झोप जाते. फक्त दोन-तीन तासांचा अभ्यास असेल तर साधी गोळी अजूनही उत्तम.

गुण येतो, याबद्दल शंका नाही. डोपामिन आणि नॉरअॅड्रेनॅलिन ही मेंदूतली संदेशवाहक रसायनं परत शोषली जाणं ही गोळी अडवते, त्यामुळे काम सुरू करायची ती भिंत खाली येते. काय करायचं ते मात्र गोळी ठरवत नाही. गोळी चढताना हातात मोबाइल असेल तर लक्ष मोबाइलवरच खिळतं. म्हणून फाईल आधी उघडा.

भूक दुपारी मरते. पोटभर पोहे किंवा मिसळ गोळीच्या आधी खा, डबा भूक नसली तरी उघडा. मुलांचं वजन-उंची आणि सगळ्यांचा रक्तदाब-नाडी नियमित तपासून घ्या.

आता मुख्य तक्रार. हे औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या सरकारी यादीत आहे. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदार दोन वर्षं ठेवतो, वेगळा परवाना लागतो, माल कुलपात ठेवावा लागतो. म्हणून मोजकीच दुकानं ते ठेवतात. कॉलेज रोडपासून नाशिक रोडपर्यंत गाडी फिरवण्याआधी फोन करा, तोही गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी. फोनवर नुसतं नाव सांगू नका. मिलीग्राम आणि 'दीर्घ परिणामाची' हेही सांगा. चिठ्ठीवरही डॉक्टरांकडून हेच स्पष्ट लिहून घ्या, आणि ती गोळी दुकानात नसेल तर काय, हेही विचारून ठेवा. एक-दोन दिवस खंड पडला तर बहुतेकांना फक्त जुनी लक्षणं परत जाणवतात; काउंटरवर परस्पर डोस बदलण्यापेक्षा तेवढे दिवस काढा आणि डॉक्टरांना फोन लावा.