ग्रेट सर्कल मॅपर : अंतराला चोख, वेळेला कच्चं

लांबच्या दोन शहरांमधलं हवाई अंतर काढायला ‘ग्रेट सर्कल मॅपर’ ही फुकट साइट डोळे झाकून वापरावी. दिसायला जुनाट आहे, पण काम चोख. विमानतळांचे तीन अक्षरी कोड इंग्रजीत टाकायचे, मध्ये आडवी रेघ. बीओएम-जेएफके टाकलं की मुंबई ते न्यूयॉर्क सुमारे 7,800 मैल येतात. एकक बदललं तर साडेबारा हजार किलोमीटर, किंवा 6,770 च्या आसपास नॉटिकल मैल. इथेच घोळ होतो : साधा मैल 1.609 किलोमीटरचा, नॉटिकल 1.852 चा. एकाच्या जागी दुसरा धरला की हिशेब 15 टक्क्यांनी चुकतो. कोडही तपासून टाका. गोव्यात दाबोळीचा जीओआय, मोपाचा जीओएक्स.

नकाशावरची रेघ वाकडी दिसते, पण गोलावर तोच सर्वांत जवळचा रस्ता. मुंबईहून ती पाकिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानवरून सेंट पीटर्सबर्गजवळ पोचते आणि पुढे आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक करत कॅनडात उतरते. विमान मात्र या रेघेवरून जाईलच असं नाही. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली आणि विमानांना अरबी समुद्रावरून वळसा पडला. अमेरिकन कंपन्यांना 2022 पासून रशिया बंद. साइटला यातलं काहीच ठाऊक नसतं.

वेळेचं बघू. वेगाच्या रकान्यात 490 नॉट (म्हणजे ताशी 490 नॉटिकल मैल) टाकले तर जेमतेम 14 तास येतात. प्रत्यक्षात मुंबईहून जाताना वेळापत्रकात 16 च्या आसपास असतात, कारण वारा समोरून असतो, वळसा असतो, शिवाय गेट सुटल्यापासून गेट लागेपर्यंतचं जमिनीवरचं रांगणंही त्यात धरलेलं असतं. परतीला तोच वारा पाठीशी, म्हणून वेळ बरीच कमी. ताशी 500 मैल धरून वर अर्धा तास मिळवणाऱ्या साइट जातानाचे 16 तास बरोबर सांगतात खऱ्या, पण तो निव्वळ योगायोग. दोन्ही बाजूंना एकच आकडा देतात, तिथे पितळ उघडं पडतं.

खरी वेळ तिकिटावरूनच काढावी. समजा, सुटण्याची वेळ रात्री 1:30 आणि त्याच दिवशी पोचण्याची सकाळी 8:00. घड्याळातला फरक साडेसहा तास. न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, म्हणून प्रवास 16 तासांचा. हिवाळ्यात साडेदहा तास मिळवायचे. तिथलं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतं, त्यामुळे या दोन तारखांच्या आगेमागे पुढचं जोडविमान असेल तर वेळ दोनदा तपासावी.

हौशी लोकांसाठी एक गंमत : 7000nm@BOM (nm म्हणजे नॉटिकल मैल) लिहिलं की मुंबईभोवती तेवढ्या पल्ल्याचं वर्तुळ उमटतं. न्यूयॉर्क त्यात जेमतेम बसतं, सॅन फ्रान्सिस्को बाहेर राहतं.