बास्केटबॉल जीएम: हुकमी खेळाडू गेल्यावर संघ बांधायचा सराव

हुकमी खेळाडू जायबंदी झाला की पहिली ओरड ठरलेली असते: त्याच्याच तोडीचा दुसरा आणा. ‘बास्केटबॉल जीएम’ (जीएम म्हणजे जनरल मॅनेजर, संघाचा व्यवस्थापक) हा ब्राउझरमध्ये चालणारा फुकट गेम या ओरडीचा रोख हिशेब मांडून दाखवतो. नाशिकमध्ये कॉलेजचा किंवा क्लबचा संघ सांभाळणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा तरी चालवून बघावा. यात ड्रिबल नाही, डंक नाही, नुसते तक्ते आणि आकडे. त्यामुळे जुन्या लॅपटॉपवरही तो अडत नाही आणि एकदा लोड झाला की नेट गेलं तरी चालू राहतो.

आधी चाचणी कशी घ्यायची ते. नवी लीग सुरू करा आणि ‘टूल्स’मधून ती एक्स्पोर्ट करून फाइल जपून ठेवा. मग ‘गॉड मोड’ (यात गेममधलं काहीही हवं तसं बदलता येतं) चालू करून आपल्या सर्वोत्तम खेळाडूला पूर्ण मोसमाची, म्हणजे ८२ सामन्यांची दुखापत द्या. गॉड मोड एकदा वापरला की त्या लीगमध्ये अचीव्हमेंट मिळत नाहीत, म्हणून ही लीग सरावापुरतीच ठेवा.

आता संघाचं रेटिंग बघा. गेम पहिल्या दहा खेळाडूंचे ओव्हीआर, म्हणजे एकूण क्षमतेचे आकडे, उतरत्या क्रमाने लावतो. पहिल्याचं वजन सर्वांत जास्त, पुढे प्रत्येक पायरीला ते साधारण १७ टक्क्यांनी घटतं. समजा ७५चा स्टार बसला आणि मागे ६०, ५५, ५२, ५०, ४८, ४६, ४४, ४२, ४० आणि बाकावरचा ३८ उरले. एका जागेचं नुकसान वाटतं, पण प्रत्येक जण एक पायरी वर सरकतो आणि अपेक्षित गुणफरकात घसरण होते प्रति सामना सुमारे साडेअकरा गुणांची. इथे ६५चा एक खेळाडू आणला तर सुमारे ७ गुण भरून निघतात. ५७चे दोन आणले तर पावणेसात. फरक नगण्य, पण व्यवहारात समोरचा संघ ६५च्या खेळाडूसाठी जी किंमत मागतो तिच्या मानाने ५७चे दोघे फार स्वस्तात सुटतात. हा एक धडा शिकण्यासाठीसुद्धा गेम उघडावा.

ट्रेडच्या, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीच्या पानावर समोरचा संघ ‘कंटेंडिंग’ (आत्ताच जिंकू पाहणारा) आहे की ‘रीबिल्डिंग’ (नव्याने बांधणी करणारा) हे आधी वाचा. रीबिल्डिंगवाल्यांना ड्राफ्ट पिक (नवोदित खेळाडू निवडायची पाळी) आणि पोरसवदा खेळाडू हवे असतात, त्यांच्याकडचे तिशीतले चांगले खेळाडू हलक्या भावात मिळतात. अडलंच तर ‘व्हॉट वुड मेक इट वर्क’ हे बटण दाबा, समोरच्याला काय हवंय ते कळतं. पण ते मागेल ते लगेच देऊ नका, एकेक वस्तू काढून पुन्हा विचारा.

चुका नेमक्या कुठे होतात? जखमी स्टार १५ पैकी एक जागा अडवून बसतो. एकाच्या बदल्यात दोन घेतले तर कोणाला तरी सोडावं लागतं आणि सोडलेल्याचा पगार करार संपेपर्यंत डोक्यावर राहतो. संघ कॅपच्या, म्हणजे एकूण पगाराच्या मर्यादेच्या वर असेल तर देता त्यापेक्षा कमी पगार परत घ्यावा लागतो. त्याहून वरची लक्झरी टॅक्सची रेषा ओलांडली की वरच्या प्रत्येक डॉलरला दीड डॉलर दंड. आणि हरत राहिलात की खेळाडूंचा मूड बिघडतो. ज्याच्या नावापुढे विजयाचा ‘डब्ल्यू’ आहे तो करार संपताना बोलणीच नाकारू शकतो.

खऱ्या एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे निष्कर्ष मात्र यावरून काढू नका. १२ मे २०२५ला, म्हणजे आपल्याकडे १३ची सकाळ उजाडली तेव्हा, बोस्टनचा स्टार जेसन टेटम याचा अकिलीस टेंडन (टाचेमागची शीर) न्यूयॉर्कमध्ये तुटला. त्यानंतर बोस्टनने जरू हॉलिडे पोर्टलंडला आणि पोर्झिंगिस अटलांटाला दिला. २०२५-२६चं दुसरं एप्रन, म्हणजे पगारखर्चाची सर्वांत कडक रेषा, सुमारे २०.७८ कोटी डॉलरचं होतं. त्याच्या वर असलेल्या संघाला दोघांचे पगार एकत्र जोडून एक मोठा खेळाडू घेता येत नाही. गेममध्ये ही एप्रनची भानगडच नाही, तिथे असा सौदा सहज बसतो. म्हणून बोस्टनने पगार का छाटले हे गेममधून उमगणार नाही. एवढ्या चांगल्या गेममधली ही उणीव खरोखर खटकते.

स्थानिक वापरासाठी सेटिंग बदला: सॅलरी कॅप ‘नन’ (मर्यादा नाही), रोस्टर १२, क्वार्टर १० मिनिटांचा, पाच फाउलला खेळाडू बाहेर. संघांना नाशिक, पुणे, नागपूर, सांगली अशी नावं द्या, बाद फेरीचे टप्पेही संघसंख्येप्रमाणे तपासा. सगळी लीग ब्राउझरच्या साठ्यात राहते, सायबर कॅफेत किंवा कॉलेजच्या संगणकावर कोणी ब्राउझरचा साइट डेटा साफ केला की ती गेलीच, तेव्हा दर मोसमाला एक्स्पोर्ट करा. आणि आपल्याकडे स्टार जातो तो बहुतेक वेळा दुखापतीने नाही, पुण्या-मुंबईला नोकरीसाठी. ती स्थिती बघायची असेल तर त्याला जखमी न करता रिलीज करा. बारावी जागा मोकळी होते आणि सगळं गणित नव्याने मांडावं लागतं.