काळ्या मातीत जिम्नी : दोन पावसाळ्यांनंतर

सेलू तालुक्यातलं आमचं गाव डांबरीवर आहे, पण गावापासून आखाड्यापर्यंत, म्हणजे शेतातल्या घरापर्यंत, अडीच किलोमीटर पाणंद, शेताची कच्ची वाट. माती काळी, भारी. पाणी पिऊन फुगली की चप्पल घालून दहा पावलं चाला, अकरावं अनवाणीच पडतं.

आधीची हॅचबॅक ट्रॅक्टरच्या दोन चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यावर पोट टेकून बसायची. शेजारच्या काकांची बोलेरो मागच्या चाकांवर चालते. रिकामी असली की चिखलात मागून घसरते, म्हणून ते मागे खताची दोन पोती टाकूनच निघतात. थार बघितली, आवडलीही. पण तिची रुंदी 1820 मिलिमीटर, मारुतीच्या जिम्नीची 1645, आणि आमच्या पाणंदीला दोन्हीकडून बोरी-बाभळी. जिम्नी घेतली. जमिनीपासून उंची 210, मॅन्युअल गिअर.

पहिल्या जुलैत फोर-बाय-फोरच्या (चारही चाकांना जोर) तोऱ्यात ओढ्याच्या चढाला भिडलो आणि रुतलो. गाडीचा दोष नव्हता. सोबत आलेले टायर डांबरीचे. त्यांच्या खाचा चिखलाने भरल्या की चारही चाकं गुळगुळीत. गुळगुळीत चाकं चार फिरली काय नि दोन फिरली काय! शेवटी बैलजोडी आली. काका तेव्हा काही बोलले नाहीत, अजून बोलतात.

त्यानंतर ऑल-टेरेन टायर टाकले, रुंद खाचांचे. फरक पडला, पण चिकट मातीत त्याही भरतात. थोडा वेग राखला तर माती आपोआप फेकली जाते. फोर-एच (चारही चाकं, नेहमीचा वेग) चालत्या गाडीत पडतं, तेव्हा ते चिखलात शिरण्याआधीच टाकायचं. फोर-एलसाठी (चारही चाकं, वेग कमी पण जोर जास्त) थांबावं लागतं आणि राड्यात थांबलात की संपलं. एक चाक हवेत गरगरलं तर गाडी त्यालाच ब्रेक लावून जोर दुसऱ्या बाजूला देते. पण त्यासाठी अ‍ॅक्सिलरेटर हलका दाबून ठेवावा लागतो. मी घाबरून पाय काढायचो, हे जमायला महिना गेला. डांबरीवर आलं की मात्र लगेच टू-एच (फक्त मागची दोन चाकं), नाहीतर वळणावर गाडी अडखळते. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या आपल्या चाकांना जुळत नाहीत. एक चाक चाकोरीत, दुसरं उंचवट्यावर, गाडी तिरकी. जास्त तिरकी झाली की बायको दार धरून बसते.

एकदा डांबरीवर ऐंशीच्या वेगाला स्टेअरिंग थरथरायला लागलं. बॅलन्सिंगसाठी दुकानात नेणार होतो, तर रिमच्या आत वाळलेल्या चिखलाचं ढेकूळ निघालं. तेव्हापासून डिक्कीत खुरपं असतं. रेडिएटरची जाळीही आखाड्यावरच, चिखल ओला असतानाच धुतो.

मायलेज एरवी तेरा-चौदा, पाणंदीच्या दिवसांत दहाच्या खाली. मागची सीट उभी असताना डिक्की 208 लिटरची, म्हणजे भाजीच्या दोन पिशव्या आणि डबा. खडबडीत रस्त्यावर मागच्यांना हादरे बसतात. आईला पुढेच बसवतो.

जोरदार पाऊस झाला की वडील विचारतात, "वाफसा आला का?" म्हणजे माती चालण्याजोगी सुकली का. नसेल तर गाडी डांबरीलाच लावून आम्ही चालत जातो. चौदा महिन्यांत असे पंधरा-वीस दिवस तरी आले असतील.

काका आता विचारतात, बोलेरो विकून ही घेऊ का? घरात माणसं सहा आणि हिच्यात सीट चार. शिवाय खताची पोती कुठे ठेवणार?